चौकटीचा उजवा रकाना

बाईंना तुम्ही किती ओळखत होतात, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'फारसं नाही' हेच आहे. एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर आम्ही नोकरीचा बराचसा काळ काढला, पण मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही आणि त्या माझ्या. त्यांना थोरली बहीण होती आणि दोघी एकत्र राहत, एवढं मला माहीत होतं. बहीण काय करते, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी लग्न का केलं नाही याबद्दल कचेरीत दोन-तीन कहाण्या फिरत. त्यातली एकही खरी असेल असं मला वाटत नाही.

त्या गेल्याचं मला पेपरात वाचूनच कळलं. लहानशी बातमी होती आणि तिच्यात त्यांची तुलना एका नामवंत परदेशी पत्रकाराशी केली होती. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात आदरच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मी चष्मा काढला, पुसला, आणि ती ओळ पुन्हा वाचली. बाईंना ती आवडली नसती. त्यांना काय आवडलं असतं हे मी सांगू शकणार नाही. ही ओळ मात्र आवडली नसती, एवढं मला नक्की ठाऊक आहे. का ठाऊक आहे, तेवढंच इथे लिहितो. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं, स्वतः लिहायची सवय नाही. तेव्हा सांभाळून घ्यावं.

आमचं साप्ताहिक होतं. कचेरी एका कापडाच्या दुकानावर. पहिल्या मजल्यावर जाहिरातींची माणसं आणि टेलिफोनची खोली, दुसऱ्यावर आम्ही. मी प्रूफं तपासायचो. बाई परदेशाचं पान करायच्या. कुठल्या देशात कोण निवडून आलं, कुणी कुणाची सीमा ओलांडली, कुठे भाव भडकले, हे सगळं एजन्सीकडून येणाऱ्या लांबलचक तारांमधून वेचून त्या एका पानात बसवायच्या. उंच होत्या, जरा वाकून चालायच्या. आवाज इतका हळू, की फोनवर पलीकडचा माणूस "कोण? कोण?" करत राही. डबा खिडकीपाशी उभ्यानं खात. "दिवसभर बसूनच असते ना," म्हणत.

त्या पानाच्या तळाशी एक चौकट असे. ती संपादकसाहेबांच्या डोक्यातून निघाली होती. साहेब एकदा कसल्याशा परिषदेला परदेशी जाऊन आले आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आले: पॅरलल. त्यानंतर त्यांना जिथे तिथे पॅरलल दिसू लागले.

"बाई, आपल्या वाचकाला तो देश ठाऊक नाही," ते म्हणाले. "नकाशात दाखव म्हटलं तर त्याचं बोट समुद्रात जाईल. त्याला सांगायचं, हे कशासारखं आहे. कशासारखं आहे कळलं, की झालं. पॅरलल द्या, पॅरलल!"

मराठीत एखादा शब्द शोधू या, असं मी भीत भीत सुचवलं होतं. साहेब म्हणाले, "मराठी शब्दाला वजन येत नाही हो." तेव्हा चौकटीवर तोच शब्द ठळक अक्षरांत छापला जाऊ लागला. खाली दोन रकाने. डावीकडे पूर्वी कुठेतरी घडून गेलेली गोष्ट, उजवीकडे आज घडत असलेली. वाचणाऱ्यानं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघावं.

आणि लोकांना ती चौकट फार आवडली. मलासुद्धा आवडायची. लेख कुणी पुरा वाचत नसे, चौकट सगळे वाचत. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर मी लोकांना म्हणताना ऐकलंय, "अहो, हे अगदी त्या अमक्या राजासारखंच चाललंय," आणि तो अमका राजा त्यांना आमच्या चौकटीतच भेटलेला असे. कचेरीत बाईंचं नावच 'पॅरलल' पडलं. मागून, अर्थात. समोर सगळे 'बाई'च म्हणत.

चौकटीसाठी बाईंची एक स्वतःची पद्धत होती. त्यांच्या मागच्या फळीवर बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे रांगेनं मांडलेले असत आणि त्यांत जुन्या बातम्यांची कात्रणं. सगळ्या कचेऱ्यांत कात्रणं देशाप्रमाणे लावतात. बाई तशी लावत नसत. देशाप्रमाणे लावली तर एका देशाला दुसऱ्या देशाचा जोडीदार सापडणार कसा? म्हणून त्यांनी गोष्टीप्रमाणे लावली होती. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: 'राजा पळाला', 'सैन्य बराकीत परतले', 'तह मोडला', 'दंगल पसरली', 'दंगल विझली'. नवी बातमी आली, की बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत, मग हात मागे नेऊन न बघता एक डबा काढत. झाकण उघडताना पत्र्याचा आवाज होई. त्या आवाजावरून मला कळे, की चौकट आता तासाभरात माझ्या टेबलावर येणार.

पानांची मांडणी करणाऱ्याला आम्ही फुटपट्टी म्हणत असू. तो सडपातळ होता आणि सदैव हातात पट्टी घेऊन फिरे, म्हणून. चौकटीशी त्याचं कायम भांडण. डावा रकाना नेहमी भरलेला, कारण तिकडची गोष्ट संपलेली. काय झालं, कसं झालं, शेवट काय, सगळं तयार. उजवीकडची गोष्ट नुकती सुरू झालेली. तिच्याबद्दल लिहिणार तरी किती? तो रकाना दर आठवड्याला कमी पडे.

"बाई, तुमचा उजवा पाय आखूड पडतोय," फुटपट्टी दारातून ओरडे.

"किती?"

"दोन ओळी. लंगडी चौकट छापली तर साहेब मला लंगडा करतील. दोन ओळींचा बूट द्या."

बाई उभ्या उभ्या पेन्सिलीनं दोन ओळी लिहून देत. पान छपाईला जायची घाई असे, मी त्या ओळी तिथेच वाचून बरोबरची खूण करी, आणि फुटपट्टी पळे.

असं बरीच वर्षं चाललं होतं. मग एका आठवड्यात समुद्रापलीकडच्या एका देशात सैन्यानं राजवाडा ताब्यात घेतला. सेनापतीनं रेडिओवर भाषण केलं, बाजार बंद झाले, रस्त्यांवर रणगाडे उभे राहिले. अशा बातम्या आम्हाला नव्या नव्हत्या. या वेळी वेगळं एवढंच होतं, की आमच्या टेलिफोनवाल्या वहिनींचा नवरा त्या देशात होता.

वहिनी खालच्या मजल्यावर, आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताच्या खोलीत बसायच्या. कानाला यंत्र लावून, समोरच्या पाटीवर तारा खुपसत, कचेरीतला प्रत्येक फोन त्या जोडून देत. बोलक्या, खळखळून हसणाऱ्या. कुणाचा आवाज बसला, कुणी बायकोशी भांडून आला, हे त्यांना 'हॅलो' म्हटल्याबरोबर कळे. नवरा वीजकाम करायचा. तिकडे एक बंदर बांधायचं काम चालू होतं, त्यावर तो कंपनीकडून गेला होता. अशी नोकरी मिळायला त्यानं फार वाट बघितली होती. पोरीची शाळा, घराचं भाडं, सासूचं आजारपण, सगळं त्या एका नोकरीवर उभं होतं.

सैन्य आल्यावर कंपनीनं आपल्या माणसांना सांगितलं, की रविवारी एक जहाज निघणार आहे. ज्याला परत जायचं त्यानं शनिवारपर्यंत नाव द्यावं. पण जो जाईल त्याची जागा राखून ठेवली जाणार नाही. जो राहील तो आपल्या जबाबदारीवर.

वहिनींनी हे सगळ्यांना सांगितलं. जो जो फोन जोडून मागे, त्याला त्या आधी हे सांगत. दिवसभर त्यांचा जीव टांगणीला लागलेला. नवरा फोनवर म्हणायचा, तू सांग, येऊ का राहू? आणि वहिनी म्हणायच्या, मी काय सांगू, मला काय कळतं?

त्या आठवड्याची चौकट त्याच देशावर होती. बाईंनी हात मागे नेला आणि 'सैन्य बराकीत परतले' हा डबा काढला. डाव्या रकान्यात बऱ्याच वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच एका खंडातली हकिगत आली: असाच सेनापती, असंच रेडिओवरचं भाषण, थोड्या दिवसांत बाजार उघडले, सैन्य परत गेलं, बाहेरून आलेले कामगार जागचे हललेसुद्धा नाहीत. उजव्या रकान्यात आजचं. आणि ठरल्याप्रमाणे उजवा रकाना कमी पडला. फुटपट्टी ओरडला, बाईंनी दोन ओळी लिहिल्या, मी खूण केली. ओळी अशा होत्या: 'येथेही थोड्याच दिवसांत व्यवहार सुरळीत होतील, अशी चिन्हे आहेत.'

अंक शुक्रवारी सकाळी आला. मी जिना चढत होतो तेव्हा वहिनींच्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्या मोठ्यानं वाचत होत्या. तिकडच्या लाइनी खराब, म्हणून एकेक शब्द तोडून.

"सु-र-ळी-त. ऐकू आलं? सुरळीत होतील! चिन्हं आहेत म्हणून लिहिलंय. अरे, आमच्याच पेपरात! बाईंनी लिहिलंय. त्या काय उगाच लिहितात का? जगातलं सगळं त्यांच्या टेबलावर येतं... हो... हो, राहा मग. नको देऊस नाव. मी सांगते ना!"

वर येऊन मी पिशवी खुंटीला अडकवली आणि बाईंना म्हणालो, "वहिनींना आज जरा हुशारी आलीय. तुमची चौकट नवऱ्याला वाचून दाखवत होत्या. राहा म्हणाल्या त्याला."

चांगली बातमी म्हणूनच मी ती सांगितली होती. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"सगळी वाचली? खालच्या ओळी धरून?"

"हो. त्याच तर जोरात वाचत होत्या."

बाईंचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. त्या उठल्या आणि जिन्याकडे गेल्या. त्या कधी घाईनं चालत नसत, त्या दिवशी चालल्या. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मीही मागोमाग गेलो, आणि दारापाशीच घुटमळलो.

वहिनी हसत होत्या. "या, या बाई! तुमचे उपकार कसे फेडू? रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता."

"वहिनी, चौकटीतल्या शेवटच्या ओळी धरू नका," बाई म्हणाल्या.

"धरू नका म्हणजे?"

"त्या जागा भरायला लिहिल्या होत्या."

वहिनींना कळेना. "पण चिन्हं आहेत असं लिहिलंय ना तुम्ही? कसली चिन्हं?"

"कसलीच नाहीत."

"मग आता काय होणार तिकडे?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?" वहिनींनी कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "बाई, तुम्हाला माहीत नाही तर मी कुणाला विचारायचं? भाजीवाल्याला?"

बाईंनी टेबलावरचा अंक उचलून त्या ओळींवर बोट ठेवलं.

"आधी सांगता राहा, आता म्हणता माहीत नाही—"

"मी राहा म्हणाले नव्हते, वहिनी."

"म्हणाला नव्हतात?" वहिनींचा आवाज चढला. "बोलून नसेल म्हणालात. छापून म्हणालात!"

समोरच्या पाटीवर दिवे लागत होते, फोन वाजत होते, आणि कुणी जोडून देत नव्हतं. जाहिरातवाल्यांपैकी एक जण डोकावून गेला. बाई खुर्ची ओढून वहिनींच्या शेजारी बसल्या. त्यांना कचेरीत दुसऱ्या कुणाच्या टेबलाशी बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मला त्यांच्याशी बोलायचंय," त्या म्हणाल्या. "लाइन मिळेपर्यंत मी इथेच थांबते."

लाइन दुपारी मिळाली. तोवर बाई तिथून हलल्या नाहीत. वहिनी पाटीकडे तोंड करून फोन जोडून देत राहिल्या. मी प्रूफं खालीच आणली होती, जिन्याच्या पायरीवर बसून तपासल्याचं सोंग करत होतो. मला बाईंचंच बोलणं ऐकू आलं.

"मी ती चौकट लिहिणारी... हो, तीच. त्यातलं शेवटचं वाक्य खरं नाही... खोटं म्हणजे, मला माहीत नसताना लिहिलं... जागा भरायची होती... हो. चुकलंच." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही, ते मी नाही सांगू शकत. मी इथे आहे, तुम्ही तिथे. तुम्हाला काय काय दिसतं ते सांगा ना. मी फक्त ऐकते."

आणि तो सांगू लागला असावा, कारण त्या "हं... हं..." करत होत्या. मधेच विचारत, "पाण्याच्या टाकीवर आता कोण उभं असतं?" "कंपनीतल्या मोठ्या लोकांची बायकामुलं तिथेच आहेत?" "आणि भटारखान्यातली माणसं? ती तर तिथलीच ना?" सल्ला एकही नाही. शेवटी त्यांनी यंत्र वहिनींच्या हातात दिलं आणि बाहेर आल्या. मला पायरीवर पाहून म्हणाल्या, "भाऊ, प्रूफं वर वाचा. इथे उजेड नाही."

वहिनींनीच मला नंतर सांगितलं, की बोलता बोलता त्याचं त्यालाच जाणवलं: कंपनीच्या साहेबांची बायकामुलं कधीच निघून गेली होती, आणि तिथलाच स्वयंपाकी दोन दिवस कामावर फिरकला नव्हता. त्यानं शनिवारी नाव दिलं. रविवारी जहाजात चढला.

आणि मग काय झालं म्हणता? तिकडे सगळं सुरळीत झालं.

अगदी डाव्या रकान्यासारखं. बाजार उघडले, रणगाडे गेले, सेनापतीनं कुणाला तरी पंतप्रधान केलं. बंदराचं काम पुन्हा सुरू झालं. जे राहिले होते ते जागेवर राहिले, गेलेल्यांच्या जागी नवी माणसं घेतली. वहिनींचा नवरा एक ट्रंक घेऊन घरी आला आणि घरीच बसला.

साहेबांच्या तर आनंदाला पारावार नव्हता. आमच्या खोलीत आले ते टाळी वाजवतच.

"बाई, तंतोतंत! शब्दन् शब्द खरा ठरला! पुढच्या अंकात मोठ्या टायपात घेऊ. 'आम्ही आधीच म्हटले होते!'"

"नको, साहेब."

"नको? अहो, तुमचा पॅरलल बरोबर आला!"

"बरोबर आला," बाई म्हणाल्या, "पण मला माहीत नव्हतं. मी उत्तर आधी लिहिलं, गणित नंतर कुणीतरी दुसऱ्यानंच सोडवलं. त्यात माझं काय?"

"उत्तर जुळलं की मार्क मिळतात, बाई."

"वहिनींना विचारा," बाई म्हणाल्या, आणि साहेब गोरेमोरे झाले. वहिनींच्या घरची हकिगत त्यांनाही ठाऊक होती.

नवरा परतल्यावर वहिनींनी बाईंवर ओरडून राग काढला नाही. त्यापेक्षा वाईट केलं. बाईंनी फोन उचलला, की पलीकडून फक्त "बोला" यायचं. 'बाई, आवाज का बसलाय?' नाही, 'बाई, डबा खाल्लात का?' नाही. बोला. आणि लाइन जोडून मोकळ्या. मला एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा. पहिलं खरं धरलं असतं तर आज तो कामावर असता. दुसरं कशाला सांगायला आल्या?" आजही मी त्याचा विचार करतो. तिकडे गोळीबार झाला असता तर याच वहिनी बाईंच्या पाया पडल्या असत्या. बाईंनी केलं ते दोन्ही वेळा तेच असतं.

त्यानंतर डबा खाऊन झाला, की बाई फळीवरचे डबे खाली काढून बसायला लागल्या. एक दिवस मला हाक मारली. टेबलभर कात्रणं पसरलेली.

"हे वाचा. नुसता पहिला परिच्छेद वाचा, पुढे जाऊ नका."

मी वाचलं. सेनापती, रेडिओवरचं भाषण, बंद बाजार. दुसरं कात्रण तसंच. तिसरंही. पाच-सहा वाचल्यावर मी म्हणालो, "बाई, ही एकाच बातमीची आहेत काय?"

"वेगवेगळ्या देशांची आहेत. वेगवेगळ्या डब्यांतली. हे 'बराकीत परतले' मधलं, हे 'राजा पळाला' मधलं. आणि हे," त्यांनी एकावर बोट ठेवलं, पण कुठल्या डब्यातलं ते सांगितलं नाही. "सुरुवात सगळ्यांची सारखी. आणि मी डबे लावले शेवटाप्रमाणे. नवी बातमी आली, की ज्या डब्यात हात घालीन तोच शेवट हातात येणार. मी पॅरलल शोधत नव्हते, भाऊ. मला वाटायचं शोधतेय. हात मागे जायच्या आधीच मी ठरवून टाकलेलं असायचं."

"त्या दिवशी तुम्ही तोच डबा का काढलात?" मी विचारलं. मी असं सहसा विचारत नाही.

त्या जरा वेळ कात्रणांच्या कडा जुळवत बसल्या. "वहिनींचा नवरा तिथे होता ना," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डब्याला हात लावायला मन होईना."

हे त्यांनी साहेबांना सांगितलं नसावं. साहेबांना त्यांनी वेगळंच सुचवलं: चौकट ठेवायचीच असेल तर डावीकडे एक नव्हे, दोन-तीन जुन्या गोष्टी देऊ, सुरुवात सारखी पण शेवट निरनिराळे. आणि उजवा रकाना खाली कोरा सोडू.

"कोरा?" साहेब म्हणाले. "लोक म्हणतील शाई संपली!"

"गोष्ट संपलेली नाही, असं म्हणतील."

"बाई, दमून-भागून आलेल्या वाचकाला उत्तर हवं असतं. तुम्ही त्याच्या हातात प्रश्नपत्रिका देताय."

चौकट बाईंकडून काढून खेळाचं पान करणाऱ्याला देण्यात आली. त्यानं ती फार हौसेनं चालवली. सगळं जग त्याला सामन्यासारखं दिसे. कुठला देश पहिल्या डावात मागे आहे, कोण शेवटच्या क्षणी मुसंडी मारणार, आणि उजवा रकाना त्याला कधीच कमी पडला नाही. उलट ओसंडून वाही, फुटपट्टीला कापावा लागे. वाचकांनाही ते आवडलं. बाई वरचा लेख लिहीत राहिल्या. तो कोण वाचतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी वाचत असे, माझं कामच ते होतं. त्यात 'कदाचित' वाढले होते आणि 'अद्याप कळलेले नाही' हे वाक्य वरचेवर येई. साहेब म्हणायचे, परदेशाचं पान हल्ली आजारी पडलंय.

मला आठवतं, त्याच सुमाराला माझ्या थोरल्या मुलानं शिक्षण सोडलं आणि घरात धुसफूस चालू होती. ज्याला त्याला तो आपल्या काकावर गेलेला दिसत होता. काकाचं पुढे काही धड झालं नाही, हे सगळ्यांना माहीत. मी बाईंना म्हणालो, "घरी सगळे म्हणतात, हा अगदी माझ्या भावासारखाच निघणार." त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तो सकाळी उठून काय करतो?" मला सांगता येईना. मी त्या वेळी तोंड धूत असतो, पेपर वाचत असतो. दुसऱ्या दिवशी मी बघितलं. मुलगा शेजाऱ्याची जुनी मोटारसायकल खोलून बसला होता, आणि भावाला तर जन्मात खिळा ठोकता आला नाही. बाईंना मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

आम्ही दोघं थोड्या अंतरानं निवृत्त झालो. त्यानंतर वर्षातून एखाद वेळा रस्त्यात भेट. वहिनींच्या नवऱ्यानं मधल्या काळात पुष्कळ ठिकाणी हातपाय मारले आणि शेवटी बस थांब्याच्या मागच्या गल्लीत लहानसं दुकान टाकलं. पंखे, इस्त्र्या, पाण्याचे पंप दुरुस्त करतो. दुकान बरं चालतं. फार बरं नाही. वहिनी दुपारनंतर गल्ल्यावर बसतात, पूर्वीसारख्या हसतात. तिकडच्या नोकरीचा विषय निघाला, की अजून गल्ला उघडून नाणी मोजू लागतात.

बाईंची आणि माझी शेवटची भेट त्या बस थांब्यावरच झाली. त्या पूर्वीपेक्षा जास्त वाकल्या होत्या. हातात मोठी कापडी पिशवी, तिच्यातून टेबलपंख्याची जाळी वर आलेली. बसला उशीर होता. इकडचं तिकडचं बोललो. त्यांच्या बहिणीचे गुडघे, माझा मोतीबिंदू. मग त्या एकदम म्हणाल्या,

"त्यांचं दुकान याच गल्लीत ना?"

"हो. शिंप्याच्या पलीकडे. आता बंद असेल, चारला उघडतात."

"कोण असतं चारला?"

"दोघं असतात."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांची बस आली होती. त्या चढल्या नाहीत.

"मी येऊ का बरोबर?" मी म्हणालो. "नाहीतर आधी जाऊन सांगतो त्यांना, तुम्ही येताय म्हणून."

"नको, सांगू नका," बाई म्हणाल्या. "पंखा फिरताना आवाज करतो, तेवढंच दाखवायचंय."

"बरं. मग बसा इथे सावलीत. चार वाजायला आलेच."

"बसते. तुम्ही निघा, भाऊ. तुमची बस सुटेल."